पौषात निघालेला वीर

ती घटना आजही आठवते, आणि दरवर्षी धुळवडीलाच आठवते. सुरुवात मात्र तिची पौषात झाली. घाटाच्या बाजूच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. घाटावरच्या बीटचा हवालदार समोर येऊन उभा राहिला. माणूस कामाचा, पण बातमी सांगण्याआधी सगळ्या गावाला वळसा घालून येणारा. मी दटावल्यावर मुद्द्यावर आला. घाटावरच्या एका फूलवालीने त्याला भर बाजारात फैलावर घेतलं होतं. आदल्या दिवशी कोणीतरी वाजंत्री लावून वीर मिरवत गंगेवर आणला होता. हार तिच्याकडूनच नेले होते, आणि सोबत एक गोरी म्हातारी रडत चालली होती. फूलवालीचं म्हणणं एवढंच, की पौषात कधी वीर निघतो का, आणि हे पोलिसांना चालतं का.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात घरातला एखादा पुरुष अवेळी गेला, लढाईत, पाण्यात, भांडणात, तर त्याचा आत्मा भटकू नये म्हणून त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. तो त्या घरचा वीर. वर्षातून एकदा, धुळवडीला, टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत गंगेवर नेतात, आंघोळ घालतात आणि परत आणतात. माझ्या निफाडच्या घरीही एक आहे. आजोबांचा भाऊ ऐन तारुण्यात विहिरीत पडून गेला, त्याचा.

पौषात वीर काढणं हा काही गुन्हा नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पाहिली होती. खरा माणूस रिवाज मोडतो तेव्हा खाली मान घालून मोडतो. वाजतगाजत मोडणारा कोणाला तरी दाखवण्यासाठी मोडत असतो. मी हवालदाराला म्हटलं, म्हातारी कुठे उतरलीय ते बघ.

परदेशी पाहुण्यांची वर्दी लॉजवाले ठाण्याला देतातच, त्यामुळे ते अवघड नव्हतं. बाई इटलीची, सत्तरीची, एकटी आलेली. इंग्रजी जेमतेम. म्हणून मी एका मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरना बोलावून घेतलं. त्या मूळच्या केरळच्या, काही वर्षं रोमला राहिलेल्या, आणि नाशकात इतकी वर्षं काढलेल्या की बाजारात भाजीचा भाव मराठीत पाडून घेत. त्यांच्या तोंडून मला बाईची हकीकत कळली.

दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेले पुष्कळ हिंदी शिपाई इटलीतल्या छावण्यांत कैदी होते. इटलीने हत्यार खाली ठेवलं तेव्हा पहारेकरी पळाले, फाटकं उघडी पडली आणि कैदी डोंगरात शिरले. मागोमाग जर्मन आले. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांनी या अनोळखी, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या देवाच्या माणसांना गोठ्यात आणि माळ्यावर लपवलं. सापडलं तर गोळी, हे ठाऊक असून लपवलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात मी यातलं अवाक्षर वाचलेलं नाही. तिकडच्या पुस्तकांतही फारसं नाही, असं बाई म्हणाली.

तिच्या बापाने असाच एक तरुण गोठ्याच्या माळ्यावर ठेवला होता. खेचरं हाकणाऱ्या पलटणीतला, नाशकाजवळच्या फुलांच्या मळ्यातला माळ्याचा मुलगा. बाई तेव्हा लहान पोर होती. हिवाळाभर तो तिथे राहिला, तिच्याशी खेळला. वसंतात एक दिवस तो झऱ्यावर पाणी आणायला गेला आणि जर्मनांच्या हाती लागला. दुपारी जर्मन थेट त्यांच्या दारात आले. बापाला अंगणातच गोळी घातली, घर पेटवलं, शेजारची दोन घरंही पेटवली. शिपायाला गाडीत घालून घेऊन गेले.

त्यानंतर गावाने तिच्या आईला माफ केलं नाही. त्या परक्याने घर दाखवलं आणि तुझ्या नवऱ्याने परक्याला घरात घेतलं, म्हणून आमची घरं जळाली, हे शेजाऱ्यांचं म्हणणं. देवळात तिच्या बाकावर कोणी बसत नसे. आई मात्र मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, तो बोलला नसेल, तो तसा मुलगा नव्हता. बाई आयुष्याच्या शेवटी नाशकात आली होती ती एवढ्याच प्रश्नासाठी. तो बोलला होता का?

आणि तिला उत्तर मिळालंही होतं. घाटावर परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या एका दलालाने तिला त्या शिपायाचा मुलगा शोधून दिला होता. शिपाई कैदेतून सुटून घरी आला, संसार केला, म्हातारा होऊन गेला. मार खाल्ला पण घर दाखवलं नाही, हे तो पोराबाळांना रोज सांगत असे. बाईला हे कळलं तेव्हा तिने त्या मुलाचे हात धरून तासभर रडून घेतलं. आता त्या शिपायाचं स्मारक बांधायचं घाटत होतं. दलालाच्या हातात तिने बरंच काही ठेवलं होतं आणि गावाकडचं घर विकून उरलेलं पाठवणार होती. काल निघालेला वीर हा त्या स्मारकाचा मुहूर्त होता.

मी विचारलं, शिपाई गेला कसा? सिस्टरनी विचारून सांगितलं, म्हातारपणी, अंथरुणात, नातवंडं बघून.

अंथरुणात नातवंडं बघून गेलेल्या माणसाचा वीर होत नाही. तो पितर होतो. मी खुर्चीतून उठलो ते सरळ जीपमध्ये बसलो.

त्या मुलाला आधी आणलं. कारखान्यातला निवृत्त वॉचमन, बायको गेलेली, पोरं विचारत नसलेली. असल्या माणसावर आवाज चढवायची गरज नसते, पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं. पेला संपायच्या आत तो बोलू लागला. दलालाने त्याला काम दिलं होतं, बाई बोलली की मान हलवायची आणि डोळे पुसायचे. बाकी जे बोलायचं ते दलालच इंग्रजीत बोले. आपल्या नावावर काय सांगितलं जातंय हेही त्याला पुरतं ठाऊक नव्हतं.

"पहिल्या दिवशी खोटे पुसले, सायब," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी खरेच आले. बाई मला भाऊ म्हनली. मला कोन म्हनतंय भाऊ?"

दलाल वेगळ्या मातीचा होता. जन्म नाशकातला, पण पाहुण्यांना फिरवता फिरवता देवधर्म हा त्याच्यासाठी नुसता दाखवायचा माल झाला होता. दोन दिवस तो वकिलाच्या नावाने अडून बसला. बोलका आरोपी आणि मुका आरोपी यांत मला बोलका नेहमी सोपा गेला, आणि हा तर बोलण्यावरच जगणारा. मी त्याला गुन्ह्याचं काही विचारलंच नाही. चहा मागवला आणि सहज म्हटलं, बाकी नाटक झकास बसवलंस, पण म्हाताऱ्या बापाचा वीर काढलास तिथे घात केलास, ही कल्पना सुचली कोणाला?

त्याला ते झोंबलं. आपण अगदीच अडाणी नाही हे दाखवायची त्याला घाई झाली. "कल्पना नाही, साहेब, खऱ्या घरात वीर आहेच," तो म्हणून गेला.

मग सगळंच बाहेर आलं. सुरुवातीला त्याने खरंच शोध घेतला होता. नाव ठाऊक, पलटण ठाऊक, माळ्यांची गावं मोजकी. शहराबाहेरच्या एका मळ्यात त्याला ते घर सापडलं. घरच्यांनी देव्हाऱ्यातला टाक दाखवला आणि सांगितलं, आमचे थोरले काका लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. मेलेला शिपाई दलालाच्या काय कामाचा? त्याला जिवंत परतलेला, मुलंबाळं झालेला आणि चार चांगल्या गोष्टी सांगून गेलेला शिपाई हवा होता. तो त्याने घडवला. टाक सराफाकडून करून घेऊन काळवंडवला.

पंचनामा झाला, बनावट टाक जप्त झाला, दोघांचे जबाब झाले. पण फसवणुकीच्या गुन्ह्याला फिर्याद लागते. मी सिस्टरना घेऊन लॉजवर गेलो आणि बाईला सगळं सांगितलं. मग तिने सिस्टरना एकच विचारलं. मुलगा खोटा, स्मारक खोटं, ते समजलं. पण मार खाऊनही शिपायाने आमचं घर दाखवलं नाही, असं जे सांगितलं, तेही खोटं का?

मी होय म्हटलं. तिने फिर्यादीवर सही केली, पण एका अटीवर. तिला खरं घर बघायचं होतं.

मळ्यात आम्ही दुपारी पोचलो. ओट्यावर बायका झेंडूचे हार करत होत्या. शिपायाचा पुतण्या, साठीला टेकलेला गंभीर माणूस, आम्हाला आत घेऊन गेला. खरा टाक दाखवला, काका परतलेच नाहीत हे पुन्हा सांगितलं. पलटणीकडून बेपत्ता असल्याचं कळलं होतं, मग काही वर्षं कसलीच खबर नाही. देवऋषी म्हणाला पोरगा जागा मागतोय, म्हणून आजोबांनी त्याला वीर केला. काकांची लग्नाची बायको तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. तिचा पाट धाकट्या दिराशी लावून दिला. ती या पुतण्याची आई. दाराशी गोधडीवर बसलेली, नजर मंद झालेली, पण कान तिखट.

बाईने सगळं ऐकून घेतलं आणि ओट्यावर येऊन बसली. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेजारी फुलांची पाटी होती. तिने पायातला बूट काढला, मोजा काढला, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं आणि झेंडू गुंफायला लागली. सुई नाही, काही नाही. एक फूल, एक वळसा, एक गाठ. ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. शहरातल्या आपल्या पोरींनाही आता हे येत नाही.

सिस्टर म्हणाल्या, माळ्यावरच्या त्या शिपायाने हे तिला शिकवलं होतं. रानफुलांचे हार करून ती ते गाईच्या गळ्यात घालायची.

दाराशी बसलेल्या म्हातारीने काय चाललंय ते सुनेला विचारलं, आणि सुनेने सांगताच हात पुढे केला. बाईचा हार चाचपून पाहिला, गाठ बोटाने तपासली.

"ही ती पोर का?" तिने विचारलं. "जगली म्हनायची."

पुतण्या चमकून आईकडे बघायला लागला. मी हवालदाराला आणि इतर बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. पुढचं मी तिच्या जबाबात लिहून घेतलं नाही. लिहिण्याचं कारणही नव्हतं, कायद्याने त्यात काही उरलं नव्हतं. पण शब्द न् शब्द लक्षात आहे.

ते आले होते, तिचा पहिला नवरा. लढाई संपल्यावर, धुळवडीच्या दिवशी. घरची सगळी माणसं वीर घेऊन गंगेवर गेलेली. ही बाळंतीण, म्हणून एकटी घरी. अंगणात एक हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. तिने ओळखलं. पाणी दिलं. त्यांनी पोराकडे पाहिलं, कोणाचं ते विचारलं नाही. माणसं कुठे गेली ते विचारलं.

"मी म्हनलं, तुमालाच मिरवायला नेलंय," म्हातारी म्हणाली. "मग ते खाली बसले. हसले का रडले, मला नाय कळलं. मग सगळं बोलले."

काय बोलले, ते मी विचारलं. विचारणं माझं काम होतं.

"त्या मुलखात एका घरानं लपिवलं, म्हनले. खाऊ घातलं. घरात एक पोर व्हती, तिला हार करायला शिकवलं. मग धरलं. लय मारलं. अन् मी हात करून घर दावलं, म्हनले. मला गाडीत बशिवलं तवा घर पेटलेलं व्हतं, पोर जगली का मेली ठावं नाय. हेच परत परत. पोर जगली का मेली."

मग ते उठले आणि म्हणाले, मला गंगेवरच नेलंय तर मीही तिकडेच जातो.

"मला कळलं व्हतं कशाला चाललेत," म्हातारी म्हणाली. "मी आडवलं नाय. धाकल्याचं पोर मांडीवर. ते ऱ्हायले असते तर मी कोनाची?"

खालच्या गावाला दोन दिवसांनी एक प्रेत लागल्याचं तिच्या कानावर आलं. बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लागली. तिने कोणाला सांगितलं नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही, मांडीवरच्या त्या पोराला नाही. आणि वीर तर देव्हाऱ्यात होताच. बसवला तेव्हा तो माणूस जिवंत होता. नंतर बसवायला लागला असता, तो आधीच बसवून ठेवला होता. साठ वर्षं दर धुळवडीला त्या घराने त्याला त्याच पाण्यात आंघोळ घातली, ज्यात तो बुडाला होता. हे ठाऊक असलेली एकटी बाई दारात बसून त्यांना वाटेला लावत आली.

सिस्टर माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांनी अजून एक शब्दही बाईला सांगितला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, साहेब, थोडं वगळू का? मी म्हटलं, सिस्टर, जसं बोलल्या तसं सांगा. सत्य काय आहे ते ऐकायला ती एवढ्या लांबून आली आहे, ते वगळण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. मी हे अगदी ठाण्यातल्या आवाजात बोललो.

त्यांनी सांगितलं. बाईने मान खाली घातली. अर्धा हार तिच्या अंगठ्याला तसाच अडकलेला होता. रडली नाही. ती रडेल म्हणून मी तयारीत होतो, त्यामुळे मला फार अवघडल्यासारखं झालं. तिने फक्त त्याचं वय विचारलं. म्हातारीने सांगितलं, पुरता बाविशीचाही नसेल. पुतण्या उठून मळ्यात निघून गेला. आम्ही निघेपर्यंत तो आला नाही, आणि आईने त्याला हाक मारली नाही.

त्या वर्षी धुळवडीला मी घाटावर बंदोबस्ताला होतो. ढोल, गुलाल, लहान मुलांना वीर करून नाचवणारी घरं, नेहमीचीच गर्दी. त्यात तो पुतण्या एकटाच आला. वाजंत्री नाही, हार नाही. टाक हाताच्या मुठीत. पाण्यात उतरला, मूठ पाण्यात धरून उभा राहिला, आणि बराच वेळ वर काढेना. मी जवळ गेलो. तो म्हणाला आई माघात गेली. शेवटचा महिनाभर आपण तिच्याशी बोललो नाही, हेही म्हणाला. मी गर्दी सरकवायला शिटी वाजवली आणि पुढे गेलो.

खटला पुढे बरीच वर्षं चालला. फिर्यादी परदेशी, साक्षीला येऊ शकली नाही. वॉचमन मधेच वारला. दलाल संशयाचा फायदा मिळून निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो मला भेटला. मी तोवर निवृत्तीला आलो होतो. तो मग्रूरपणे बोलेल असं वाटलं होतं, पण नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी त्या बाईला सुखाने घरी पाठवत होतो. तुम्ही कशी पाठवलीत?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. पोलीस अधिकाऱ्याने आरोपीला उत्तर द्यायचं नसतं. लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं. काही नाही शिकवलं. उद्या तशीच वेळ आली तर मी सिस्टरना पुन्हा तेच सांगेन, कारण दुसरं सांगायला मला येत नाही. लपवलेलं बाहेर काढणं एवढंच आमच्या हातांना शिकवलेलं असतं. बाहेर काढल्यावर त्याचं माणसांनी काय करायचं, हे कोणत्याच प्रशिक्षणात नव्हतं.

उत्तर नव्हतं असं मात्र नाही. बाईला मी नाशिकरोड स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडीला वेळ होता. मी सिस्टरमार्फत विचारलं, आता गावात काय सांगाल? तिने फार विचार केला नाही. म्हणाली, गावाला काही नाही. आईच्या थडग्यापाशी जाईन आणि सांगेन, त्या शिपायाचा मुलगा भेटला, शिपाई मरेपर्यंत आपली आठवण काढत होता, मार खाल्ला पण तो बोलला नाही.

म्हणजे शेवटी ती दलालाचंच खोटं घरी घेऊन गेली. मी तपास करून एवढंच केलं, की ते खोटं आहे हे आता तिला माहीत होतं.